गर्भिणीच्या आहारातील भुईमूग : एका वैद्यकीय सल्ल्याचा इतिहास

गर्भिणीने काय खावे व काय वर्ज्य करावे, याविषयीचे नियम प्रत्येक समाजात आढळतात. त्यांपैकी बहुतेकांचा उगम सांगता येत नाही. ब्रिटनमधील भुईमूग-वर्ज्यतेचा नियम त्याला अपवाद आहे. तो कोणी, केव्हा व कोणत्या तर्काने घालून दिला आणि केव्हा मागे घेतला, हे सर्व कागदोपत्री नमूद आहे. उपवासाच्या खिचडीतही दाण्याचा कूट घालणाऱ्या मराठी वाचकाला हा नियमच मुळात चमत्कारिक वाटेल. परंतु त्यामागील तर्क सकृद्दर्शनी तरी निराधार नव्हता.

‘अॅलर्जी’ हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये प्रथम योजिला. १९२१ मध्ये कार्ल प्राउस्निट्झ यांनी मासे न सोसणारे आपले सहकारी हाइन्झ क्युस्टनर यांच्या रक्तातील द्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. त्याच जागी दुसऱ्या दिवशी माशाचा अर्क टोचताच गांध उठली. अॅलर्जीचे कारण रक्तातून एका देहातून दुसऱ्या देहात नेता येते, हे यावरून सिद्ध झाले. मग ते आईकडून गर्भाकडे का जाऊ नये, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविकच होते. याच दशकात न्यूयॉर्कचे ब्रेट रॅटनर यांनी गिनीपिगांमध्ये असे संक्रमण घडते, हे प्रयोगाने दाखविले. मात्र १९६६-६७ मध्ये या कारक घटकाची ‘आयजीई’ प्रतिपिंड म्हणून ओळख पटली आणि मानवात आईचे हे प्रतिपिंड वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचत नाही, हेही स्पष्ट झाले. उरली ती दुसरी शक्यता : आईने खाल्लेल्या अन्नातील प्रथिनांचे अंश गर्भापर्यंत जात असतील व गर्भ स्वतःच त्यांच्याविरुद्ध सज्ज होत असेल.

या शक्यतेची परीक्षा स्वीडनमध्ये झाली. फेल्ट-माग्नुसॉन व शेलमान यांनी अॅलर्जीची कौटुंबिक पार्श्वभूमी असलेल्या गर्भवतींपैकी काहींना अखेरच्या तीन महिन्यांत दूध व अंडी पूर्णपणे वर्ज्य करावयास लावली. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष निःसंदिग्ध होता : दोन्ही गटांतील बालकांच्या अॅलर्जीच्या प्रमाणात फरक पडला नाही. पथ्य पाळणाऱ्या मातांचे वजन मात्र कमी वाढले.

असे असूनही ब्रिटिश शासनाच्या अन्नातील विषारीपणाविषयीच्या तज्ज्ञ समितीने १९९८ मध्ये निराळा सल्ला दिला. स्वतःला, पतीला किंवा आधीच्या अपत्याला दमा, इसब यांसारखा विकार असल्यास गर्भवतीने व स्तनदा मातेने भुईमूग टाळण्याचा विचार करावा आणि अशा घरातील बालकास तीन वर्षांपर्यंत तो देऊ नये, असे समितीचे म्हणणे होते. भुईमुगाची अॅलर्जी वाढत होती व क्वचित प्राणघातकही ठरत होती. शिवाय अनेक बालकांना पहिल्याच घासाला तीव्र त्रास होई. पूर्वसंपर्काशिवाय अॅलर्जी होत नाही, तेव्हा तो संपर्क गर्भात किंवा स्तनपानातून झाला असला पाहिजे, असे अनुमान निघाले. अनुमान तर्कशुद्ध होते. केवळ तिसऱ्या मार्गाचा विचार त्यात नव्हता. समितीची भाषा सावध होती, हेही नमूद केले पाहिजे. परंतु ‘टाळावेसे वाटल्यास टाळावे’ हे वाक्य घरोघरी पोहोचेपर्यंत ‘खाऊ नये’ असे होते, आणि मूल आजारी पडल्यास दोष आईच्या जिभेकडे जातो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २००० मध्ये जवळपास याच दिशेचा सल्ला दिला.

तो तिसरा मार्ग २००३ मध्ये पुढे आला. ब्रिस्टल परिसरातील सुमारे १४,००० बालकांच्या पाहणीवरून गिडिऑन लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांना गर्भारपणातील आहाराशी भुईमुगाच्या अॅलर्जीचा संबंध आढळला नाही. आढळला तो इसबावर चोळल्या जाणाऱ्या, शेंगदाणा तेल असलेल्या मलमांशी. संपर्क पोटातून नव्हे, फुटलेल्या त्वचेतून होत होता. पुढे २००८ मध्ये ब्रिटनमधील व इस्राएलमधील ज्यू शाळकरी मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. भुईमुगाची अॅलर्जी ब्रिटनमध्ये १.८५ टक्के, तर इस्राएलमध्ये ०.१७ टक्के होती. इस्राएलमध्ये ‘बाम्बा’ हा शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ दात येण्याच्या वयापासूनच दिला जातो.

सल्ला मागे घेण्याची मागणी उमरावांच्या सभागृहाच्या विज्ञानविषयक समितीने २००७ मध्येच केली होती. अमेरिकन अकादमीने २००८ मध्ये माघार घेतली. ब्रिटिश शासनाने २००९ मध्ये. २०१५ मध्ये लॅक यांच्या ६४० बालकांवरील चाचणीने चित्र पुरते उलटविले. त्वचा-चाचणी नकारात्मक असलेल्या बालकांपैकी भुईमूग टाळणाऱ्यांत पाचव्या वर्षी १३.७ टक्क्यांना अॅलर्जी झाली, तर लहानपणापासून खाणाऱ्यांत १.९ टक्क्यांना. गर्भवतीला दिलेल्या सल्ल्यापेक्षा तीन वर्षे भुईमूग न देण्याचा सल्लाच अधिक घातक ठरला असावा, असे मानण्यास येथे आधार मिळतो.

गर्भारपणापुरता प्रश्न मात्र इतक्या स्वच्छपणे सुटलेला नाही. दूध किंवा अंड्याची अॅलर्जी संभवणाऱ्या अमेरिकन बालकांच्या २०१० मधील पाहणीत आईच्या भुईमूग-सेवनाचा संबंध बालकाच्या रक्तातील प्रतिपिंडांशी दिसला. २०१४ मधील पाहणीत, ज्यांना स्वतःला अशी अॅलर्जी नाही अशा मातांनी दाणे वारंवार खाल्ल्यास मुलांमध्ये धोका कमी आढळला. दोन्ही निरीक्षणे आहेत, प्रयोग नव्हेत. डेन्मार्कमध्ये प्रयोग झाला तो निराळ्या दिशेने, वगळण्याऐवजी वाढविण्याचा. ७३६ गर्भवतींपैकी निम्म्यांना अखेरच्या तीन महिन्यांत माशाचे तेल देण्यात आले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्या मुलांत सततची घरघर वा दमा यांचे प्रमाण १६.९ टक्के राहिले, इतरांत २३.७ टक्के, आणि ज्या मातांच्या रक्तात माशांतील मेदाम्ले मुळातच कमी होती, त्यांच्या मुलांना सर्वाधिक लाभ झाला.