गाण्यात नाव कुणाचं?



एप्रिल लागला की मुकुंदवाडीत संध्याकाळी खिडक्या लावून घेण्यात काही अर्थ नसतो. सिडकोच्या बाजूनं एक गाणं येतं, रेल्वे स्टेशनकडून दुसरं, आणि मधल्या गल्लीत ढोलकी तापवायचं काम चाललेलं असतं. चौदा एप्रिल तोंडावर आलेली असते. दरवर्षी या गाण्यांत काही अगदी नवी असतात. ती सिनेमातली नसतात, टीव्हीवरचीही नसतात. मग येतात कुठून? लिहितं कोण, चाल कोण लावतं, पैसे कोण घालतं? आजच्या भाषणात मी या गाण्यांच्या मागच्या गोष्टी सांगणार आहे, आणि त्या आपल्यापर्यंत पोचायच्या कशा, तेही.

आधी एक शब्द समजून घेऊ. शहरातली कॉलेजची मुलं ‘इंडिपेंडंट बँड’ म्हणतात. कंपनी नाही, सिनेमा नाही, आपलं गाणं आपणच लिहायचं, आपणच वाजवायचं. आपल्याकडे बँड म्हटलं की नवरदेवापुढचा पितळी बाजा डोळ्यांसमोर येतो. पण कंपनीशिवाय स्वतःची गाणी गाणारे संच आपल्याकडे आधीपासून आहेत. त्यांना आपण गायन पार्टी म्हणतो, त्याआधी जलसा म्हणत होतो. पेटी, ढोलकी, डफ किंवा खंजिरी, एक मुख्य गाणारा, दोन-तीन झीलकरी. एसटीचं भाडं बहुतेक वेळा खिशातलंच.

जलशाची सुरुवात सत्यशोधक चळवळीत झाली. तमाशाचा साचा लोकांना ठाऊक होता, तोच घेतला आणि आतला माल बदलला. पुढे १९३० च्या दशकात नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा उभा राहिला. त्याच जिल्ह्यात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता, तेव्हा गाण्याला विषय शोधायला लांब जावं लागत नव्हतं. महाडचं पाणी, मंदिराचं दार, मुलांची शाळा, मेलेल्या जनावराचं मांस सोडा हा निरोप, हे सगळं गाण्यात आणि सवाल-जवाबात यायचं. तमाशातला चावटपणा काढून टाकला होता, म्हणून बाया-पोरींना घेऊन बसता यायचं. मात्र जलशात बाईचं काम पुरुषच लुगडं नेसून करायचे. ऐकायला बाई चालत होती, मंचावर अजून नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वाचता न येणाऱ्या माणसाला बातमी या जलशांतूनच मिळायची. मुकुंदवाडीतलंच एक उदाहरण देते. २०१९ च्या उन्हाळ्यात आपल्या भागातली लेकरं हंडे-कळशा घेऊन आगगाडीत बसून मोठ्या स्टेशनावर पाणी आणायला जात होती. परदेशातल्या वर्तमानपत्रांत ती बातमी आली. कर्डकांच्या काळी असं काही घडलं असतं तर आठवडाभरात त्यावर पद तयार झालं असतं, आणि महिन्याभरात ते पार सिन्नरपर्यंत गेलं असतं. या असल्या गोष्टीवर गाणं व्हायलाच हवं, असं माझं आपलं मत.

सिन्नरचं नाव मुद्दाम घेतलं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावात १५ ऑगस्ट १९२२ ला वामनदादा कर्डक जन्मले. मोठेपणी मुंबईत कष्टाची कामं करत होते, तेव्हा कुणीतरी त्यांना पत्र वाचून दाखवायला सांगितलं. त्यांना वाचता येत नव्हतं. ती लाज मनाला लागली आणि मग वयाचा विचार न करता त्यांनी अक्षरं गिरवली. १९४३ साली पहिलं गाणं लिहिलं आणि पुढची साठ वर्षं गावोगाव फिरत गायले. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ असे संग्रह निघाले खरे, पण त्यांची सगळी गाणी पुस्तकांत मावली नाहीत. ज्या घरी मुक्काम, तिथल्या माणसांच्या वहीत गाणं उतरून ठेवायचं आणि पुढच्या गावाला निघायचं. ते २००४ साली वारले, त्यानंतरही अशा वह्यांतून त्यांची गाणी निघत राहिली.

पण मग कुठल्याशा गावातल्या वहीत सापडलेलं गाणं वामनदादांचंच, हे ओळखायचं कसं? ती सोय त्यांनीच करून ठेवली होती. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव ओवलेलं असतं. याला नाममुद्रा म्हणतात. तुकोबांच्या अभंगात ‘तुका म्हणे’ येतं आणि जनाबाईंच्या अभंगात ‘जनी’, तीच ही रीत. छापखाना नव्हता, कागद महाग होता, तेव्हा कवीनं आपली सही गाण्याच्या आतच करून ठेवली. गाणाऱ्यानं सही खोडायची म्हटलं तर चाल मोडते. चोरी करायलाही कवीच लागतो. म्हणून जुनं भीमगीत ऐकताना माझा कान आधी शेवटच्या कडव्याकडे जातो.

जरा लांबची गोष्ट सांगते. १९७७ च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरातल्या बझकॉक्स नावाच्या पोरांच्या बँडनं पाचशे पौंड उसने घेऊन स्वतःच एक तबकडी काढली, ‘स्पायरल स्क्रॅच’. पहिल्या हजार प्रती. वेष्टनावर त्यांनी लिहून टाकलं की कुठलं गाणं कितव्या प्रयत्नात ध्वनिमुद्रित झालं. गाणं तयार होण्याची गोष्टच त्यांनी गाण्याबरोबर विकली. ते वाचून इतर शहरांतल्या पोरांना वाटलं, एवढंच असेल तर आपणही करू शकतो. तिकडच्या पुस्तकांत ही फार मोठी घटना मानतात. मानू द्यात. आपल्या मराठवाड्यात त्याच सुमाराला जे चाललं होतं, ते याहून जड होतं.

२७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला. बाबासाहेबांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय याच शहरात काढलेलं, विद्यापीठ झालं १९५८ ला. नाव देणं साधं वाटत होतं. पण ठरावानंतर गावागावांत वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली, नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंचा जीव गेला. पुढच्याच वर्षी, १९७९ ला, नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. साडेपंधरा वर्षं गेली. या साडेपंधरा वर्षांत गायन पार्ट्यांनी जे गायलं, ते ज्या घरात वर्तमानपत्र येत नव्हतं त्या घरांपर्यंत पोचलं. शहीद झालेल्यांची नावं शाळेच्या पुस्तकात कुणी शिकवली नाहीत. ती गाण्यांनी शिकवली.

१९९४ पासून दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटसमोर गर्दी लोटते. मुकुंदवाडीतून रिक्षा भरभरून माणसं जातात, बाया डोक्याला पदर आणि कडेवर लेकरू घेऊन जातात. तिथं पुस्तकांची, फोटोंची दुकानं लागतात आणि मंचांवर गायन पार्ट्या एकीमागून एक गातात. नवं गाणं गवसायची आपल्याकडची ही खरी जागा! पूर्वी तिथं कॅसेट मिळायच्या. कॅसेटच्या कव्हरवर गायक, गीतकार, संगीत, कोरस अशी बारीक अक्षरांत नावं असायची. अक्षर कितीही बारीक असलं तरी नाव छापलेलं असे. मग सीडी आल्या, कव्हर पातळ झालं. मग मेमरी कार्ड आलं. दुकानदार एका कार्डात पाचशे गाणी भरून द्यायचा आणि फाईलचं नाव असायचं ‘जयभीम २७’. गीतकार कोण? सत्तावीस. डीजेवाल्यांनी तर कडवीच कापली. गाण्याचं ध्रुपद आणि खाली दणदणाट. शेवटचं कडवं गेलं, तर कवीची सहीही गेली.

आता आपल्याकडे, म्हणजे बायांकडे येऊ. आपल्या गाण्यात सही कधी होती का? जात्यावरच्या ओवीत नाव असतं ते भावाचं, लेकाचं, सासुरवाडीच्या गावाचं. गाणारीचं नसतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावं आणि लाखाहून अधिक ओव्या. मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते हे, की प्रत्येक ओवीसमोर ती कुणी गायली, कुठल्या गावची, हे त्यांनी लिहिलं. पिढ्यान्‌पिढ्या जिची सही नव्हती, तिची सही तिथं झाली.

१९९६ साली हे पथक बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात गेलं होतं. तिथं राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्या सोबतिणींनी बाबासाहेबांच्या, रमाईच्या, बुद्धाच्या ओव्या गायल्या. पहिली ओवी कुणाला, दुसरी कुणाला, हा मोजणीचा साचा जुनाच, आजीच्या तोंडचा. त्यात आधी देवांची नावं बसायची. या बायांनी तिथं आपली माणसं बसवली. एकही चाल न बदलता केवढा बदल केला, बघा! तेव्हाच्या फितींवरचे आवाज आणि नावं ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानं २०१७ पासून प्रसिद्ध केली, म्हणून आज मी तुम्हाला राधाबाईंचं नाव सांगू शकते. जलशाच्या मंचावर जागा नव्हती तेव्हाही बाई गाणं रचतच होती. जात्यापाशी कागद-पेन्सिल घेऊन कुणी बसलं नव्हतं, एवढंच.

मंचावर बाई हळूहळू आली. कव्वालीच्या मुकाबल्यात आली, तिथं बाई आणि पुरुष समोरासमोर बसून रात्रभर एकमेकांना गाण्यातून प्रश्न टाकायचे. आणि आपल्या शहरातल्या कडुबाई खरात तर एकट्याच आल्या. लवकर वैधव्य आलं, पदरात मुलं, आणि हातात वडिलांच्या घरातून आलेली गाण्याची शिकवण. एकतारीवर दारोदार गाणाऱ्या या बाईचा कुणीतरी फोनवर व्हिडिओ काढला आणि तो घराघरांत गेला. आज त्यांना महाराष्ट्रभर बोलावणं असतं. फोननं कवीचं नाव पुसलं असं मी मघाशी म्हटलं, पण त्याच फोननं कडुबाईंचं नाव केलं, हेही सांगितलं पाहिजे. मात्र त्या गातात त्यातली अनेक गाणी दुसऱ्या कवींनी लिहिलेली आहेत. त्यांच्या गाण्यावर डोळे पुसणाऱ्या दहा जणींना विचारा, हे लिहिलं कुणी?

नाव कळून काय होतं, असं कुणी म्हणेल. पोटाचा प्रश्न आहे, बाई. आपल्या कायद्यात गीत लिहिणाऱ्याचा हक्क तो गेल्यानंतरही साठ वर्षं चालतो. म्हणजे वामनदादांच्या गाण्यांवरचा हक्क २०६४ सालच्या अखेरपर्यंत आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं असंही ठरवलं की गीतकार आणि संगीतकाराचा मानधनातला वाटा कंपनी कागदावर सही घेऊन कायमचा काढून घेऊ शकत नाही. आणि हे गाणं माझं आहे असं म्हणण्याचा हक्क तर गाणं विकल्यावरही उरतो. कायदा चांगला आहे. पण फाईलचं नाव ‘जयभीम २७’ असेल, तर मानधन पाठवायचं कुणाला?

नव्या पोरी या बाबतीत हुशार निघाल्या. महादेव कोळी समाजातली मधुरा घाणे ‘माही जी’ या नावानं रॅप करते, जंगल आणि आदिवासींच्या प्रश्नांवर. रॅपमध्ये गाणाऱ्यानं आपलं नाव गाण्यातच घ्यायची रीत आहे. अमेरिकेतून आलेली रीत, असं सगळे सांगतात. मला मात्र ते ऐकताना वामनदादांचं शेवटचं कडवं आठवतं.

तेव्हा येत्या जयंतीला एखादं नवं गाणं आवडलं, तर डीजेजवळ न जाता मंचामागे जा. पेटीवाला पेटी बांधत असतो, गाणारी पाणी पीत असते. लिहिलं कुणी, कुठल्या गावचं, कशावरून सुचलं, एवढं विचारा. सांगायला कुणी कंटाळत नाही, उलट विचारणारंच भेटत नाही. आणि तुमच्या आईच्या, सासूच्या ट्रंकेत गाण्यांची जुनी वही असेल, वंदनेला नेतात तसली, पुठ्ठा निघालेली, तर ती रद्दीत देऊ नका. प्रत्येक गाण्याखाली पेन्सिलनं लिहा : हे कुणाकडून ऐकलं, कुठल्या साली, कुठल्या गावी. गाणारी कोण हेही लिहा, पूर्ण नावानं. ‘अमक्याची आई’ असं लिहू नका.