घडीच्या चाकूचा खटका : ओपिनेल आणि बक

घडीचा चाकू ही मुळात एक तडजोड आहे. सुरीची ताकद तिच्या अखंडपणात असते. पाते मुठीत मिटवायचे ठरवले, की जोर सर्वांत अधिक जिथे येतो नेमका तिथेच सांधा करावा लागतो. या सांध्याने दगा दिला तर पाते मिटते ते धरणाऱ्याच्याच बोटांवर. त्यामुळे अशा चाकूचा इतिहास हा पोलादाचा कमी आणि सांध्याचा अधिक आहे. जड कामासाठी घडीचा चाकू निवडताना फ्रान्सचा ओपिनेल आणि अमेरिकेचा बक ११० यांची तुलना करू लागलो, की आपण नकळत याच इतिहासात शिरतो.

ओपिनेलचा जन्म आल्प्सच्या कुशीतल्या साव्हुआ प्रांतात झाला. अवजारे घडवणाऱ्या घराण्यातल्या जोसेफ ओपिनेलने १८९० साली हा चाकू तयार केला. १८९७ पासून तो १ ते १२ अशा क्रमांकांत मिळू लागला. लाकडी मूठ, पोलादी पाते आणि दोहोंना जोडणारे रिव्हेट, एवढाच त्याचा संसार. तो शेतकऱ्याच्या खिशात गेला, भाकरी कापू लागला, फांद्या छाटू लागला. मात्र उघडलेले पाते जागच्या जागी राहत असे ते केवळ लाकडाच्या घट्टपणामुळे. ही उणीव १९५५ साली मार्सेल ओपिनेलने दूर केली. मुठीच्या तोंडाशी त्याने एक फिरते कडे बसवले. कडे फिरवले की पात्याची परतीची वाट बंद. आठ क्रमांकाच्या चाकूचे पाते साडेआठ सेंटिमीटर लांब असते आणि वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास. जड कामासाठी घ्यायचा तो बारा क्रमांकाचा. त्याचे पाते बारा सेंटिमीटरचे.

बकची परंपरा वेगळी आहे. कॅन्ससमध्ये लोहारकाम शिकणाऱ्या हॉइट बकने विसाव्या शतकाच्या आरंभी पोलादाला पाणी देण्याची आपली पद्धत बसवली आणि पुढे जुन्या कानशींपासून तो सुऱ्या घडवू लागला. सॅन दिएगोत स्थिरावलेल्या या व्यवसायातून, त्याचा मुलगा अल याच्या काळात, १९६४ च्या सुमारास ११० क्रमांकाचा चाकू आला. पाते पावणेचार इंचांचे, मुठीच्या दोन्ही टोकांना पितळ, वजन दोनशे ग्रॅमच्या वर. मुठीच्या पाठीत एक पट्टी असते. पाते पूर्ण उघडताच तिचा दात पात्याच्या बुंध्यातल्या खाचेत बसतो. हा खटका बकचा शोध नव्हे. तो आधीपासून ज्ञात होता. बकने त्याला एवढे दणकट रूप दिले, की अखंड सुरीवाचून ज्याचे भागत नसे असा शिकारीही घडीच्या चाकूकडे वळला.

दोहोंतला खरा भेद इथे आहे. बकचा खटका आपोआप बसतो. माणूस थकलेला असो वा घाईत, यंत्र आपले काम विसरत नाही. ओपिनेलचे कडे मात्र हाताने फिरवावे लागते. तिथे सुरक्षितता ही सवय आहे, आणि सवय मोडू शकते. शिवाय लाकूड ओलाव्याने फुगते आणि पाते मुठीत अडकून बसते. तेव्हा मुठीचे बूड कठीण पृष्ठभागावर आपटून पाते सैल करण्याची युक्ती साव्हुआच्या लोकांनी शोधली. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हाताशी असलेली बरी.

पण खटक्याला आणखी एक इतिहास आहे, तो कायद्याचा. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने तीन इंचांपर्यंतच्या घडीच्या चाकूला सार्वजनिक ठिकाणी सूट दिली. नव्वदच्या दशकाच्या आरंभी तिथल्या न्यायालयाने अर्थ लावला, की ज्याचे पाते उघडल्यावर पक्के अडकते तो चाकू या सुटीत बसत नाही. तो बाळगायला सबळ कारण हवे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १९८५ साली जगातल्या शंभर सुंदर वस्तूंत आपली निवड केली, असे ओपिनेल अभिमानाने सांगते. त्याच शहरात कडे असलेला ओपिनेल विनाकारण खिशात ठेवणे गुन्हा ठरते. कारागिराने बोटे वाचवण्यासाठी जी सोय केली, तिच्यात कायद्याला हल्ल्याची तयारी दिसली. हिंदी चित्रपटांतून रामपुरीच्या उघडण्याचा आवाज ऐकत वाढलेल्या आपल्या पिढ्यांना ही भीती अनोळखी नाही.

तरीही कारागिराचा प्रश्न अधिक जुना आणि अधिक प्रामाणिक वाटतो. ओल्या हातांनी, जोर लावून करायचे काम असेल तर बक घ्यावा आणि त्याचे ओझे कंबरेला सोसावे. बाकी रोजच्या कापण्या-सोलण्याला ओपिनेल पुरेसा आहे. अट एवढीच, की पाते उघडल्यावर दरवेळी कडे फिरवण्याची शिस्त आपल्या अंगी हवी. ती नसेल, तर हलक्या चाकूचा मोह सोडलेलाच बरा.