प्रभाकर कंदील आणि त्यानंतरचा उजेड

स्वदेशीच्या काळात अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागितला. त्या पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला पैसा फंड काच कारखाना उभा राहिला. लोकमान्य टिळक त्याच्या पाठीशी होते. पुढे १९१६ साली औंध संस्थानच्या हद्दीत, कऱ्हाडजवळ, ओगले बंधूंनी काच कारखाना काढला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी गेला, विलायती कंदिलाशी टक्कर देऊन टिकला. मग गावोगाव वीज आली. कंदील खुंटीलाच राहिला, कारखानाही बंद पडला. आता बघा, लोकांनी स्वदेशी सोडली म्हणून काही कंदील विझला नाही. स्वदेशीच्या भावनेनं कारखाना उभा राहतो. पण वस्तूची गरजच सरली, की नुसती भावना त्याला तारत नाही. मागे उरलं ते गावाचं नाव: ओगलेवाडी.