तिरंग्यावरचं चक्र आणि आपण



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा विहाराच्या तरुण मंडळींनी आग्रह धरला. आम्ही साचेखात्यात उभं राहून उमेदीची वर्षं घालवलेली माणसं. शाळा अर्धवट सुटली. जे चार शब्द शिकलो ते विहाराच्या वाचनालयात. तेव्हा आम्हांला ज्यातलं कळतं त्यावरच, म्हणजे एका कापडावर लिहितो. ते कापड म्हणजे आपला राष्ट्रध्वज.

दर २६ जानेवारीला आपण विहारासमोर झेंडावंदन करतो. पण त्यावरचं निळं चक्र आलं कुठून, असं विचारलं की बरेचजण गप्प बसतात. म्हणून आधी इतिहास बघू.

१९३१ साली काँग्रेसने स्वीकारलेल्या तिरंग्यावर चरखा होता. स्वातंत्र्य दाराशी आलं तेव्हा, जून १९४७ मध्ये, घटना समितीने ध्वजासाठी खास समिती नेमली. डॉ. राजेंद्रप्रसाद अध्यक्ष आणि मौलाना आझाद, सरोजिनी नायडू, राजगोपालाचारी, मुन्शी यांच्याबरोबर परमपूज्य बाबासाहेब सभासद. २२ जुलै १९४७ रोजी पंडित नेहरूंनी ठराव मांडला व तो मंजूर झाला. चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरचं चक्र आलं, चोवीस आऱ्यांचं. नेहरूंनी त्याचं एक कारण दिलं, ते कापडातल्या माणसाला चटकन पटतं. चरख्याला एका अंगाला चाक, दुसऱ्या अंगाला चाती. झेंडा मागून बघितला की चित्र उलटं. चक्राला मात्र सुलट-उलट नाही. कुठूनही बघा, सारखंच.

सारनाथ म्हणजे जिथे तथागतांनी पाच भिक्खूंना पहिला उपदेश केला, धम्मचक्र फिरवलं, ती जागा. सम्राट अशोकाने तिथे स्तंभ उभारला. शेकडो वर्षं तो मातीखाली होता. १९०४-०५ च्या उत्खननात त्याचं सिंहशीर्ष बाहेर निघालं. जे गाडलं गेलं होतं तेच देशाच्या झेंड्यावर मधोमध येऊन बसलं!

आपल्या सभांत कोणी कोणी सांगतात की चक्र एकट्या बाबासाहेबांनी आणलं. असं वाढवून सांगायची गरज नाही. ते त्या समितीत होते, हे काय थोडं आहे? ज्या समाजाला चवदार तळ्याचं पाणी शिवू देत नव्हते, त्या समाजाचा माणूस वीस वर्षांनी देशाचा झेंडा ठरवायला बसला होता.

झेंडा ठरला, तरी घरावर तो रोज लावायची मुभा सामान्य माणसाला नव्हती. ठरावीक दिवशीच लावायचा. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता आली आणि ही अट गेली. २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मानाने तिरंगा फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. म्हणजे हाही हक्क आपल्याला बाबासाहेबांच्या घटनेनेच दिला.

पण कागदावरचा हक्क आणि हातातली दोरी यांत अंतर असतं. तामिळनाडूत तिरुवल्लूर जिल्ह्यातल्या एका गावी दलित भगिनी पंचायतीची अध्यक्ष झाली, तर १५ ऑगस्ट २०२० ला तिला झेंडा फडकवू दिला नाही. बोभाटा झाल्यावर पाच दिवसांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या हजेरीत तिने तो फडकवला. झेंड्याचा यापेक्षा मोठा अपमान कोणता? कापड मळलं तर धुता येतं, हे कशाने धुणार?

आता कापडाचं बघा. झेंडा हातसुताचा, हातमागावरच्या खादीचाच हवा, असा नियम होता. आम्ही वर्षानुवर्षं कापड विणलं, पण आमच्या साच्यावरच्या कापडाचा झेंडा होत नव्हता. ३० डिसेंबर २०२१ ला संहिता बदलली. यंत्रावरचं कापड आणि पॉलिएस्टरही चालू झालं. तोवर आमच्या गिरणीचा भोंगा कधीच बंद पडला होता. झेंडे स्वस्त झाले, घरोघर गेले, ही आनंदाची गोष्ट. पण १६ ऑगस्टला सकाळी आमच्या वस्तीच्या गटाराकडेला जे दिसतं ते बघून जीव तुटतो.

दुसऱ्यांना कशाला बोला? आपल्या विहारातही चूक झाली. जुना झेंडा कडेने विरला होता, रंग उडाले होते. एका पोराने तो साफसफाईच्या फडक्यांत टाकला. आम्ही रागावलो. मग त्याचं करायचं काय, यावर वाद. संहितेत लिहिलंय की खराब झालेला झेंडा चारचौघांत नाही, एकांतात, अखंड, शक्यतो जाळून मानाने नष्ट करावा. एक आजी म्हणाल्या, "अरे, झेंडा जाळायचा? हे रं काय?" आम्ही म्हटलं, "आजी, आपल्या माणसाला निरोप देतो ना, तसंच हे." मग त्यांनीच तो धुऊन, घडी करून दिला. विहारामागे चौघांनी मिळून काम केलं. कोणी फोटो काढला नाही.

तरुणांनी एवढं ध्यानात ठेवावं. केशरी पट्टा वर. लांबी-रुंदी तीनास दोन. आपल्या विहाराला तीन फूट बाय दोन फूट पुरे. फाटका, चुरगळलेला झेंडा लावू नये. जमिनीला, पाण्याला टेकू देऊ नये. त्यावर काही लिहू नये. चढवताना झपझप, उतरवताना सावकाश. पंचशील ध्वज आपल्याला प्राणप्रिय आहे, पण तो तिरंग्याच्या काठीवर नको, त्याहून उंच नको, अगदी लगतही नको. जुलै २०२२ पासून उघड्यावर झेंडा रात्रीही ठेवता येतो. म्हणून तो पावसात विसरून जायचा नाही.

आणि शेवटचं. यंदा झेंड्याची दोरी पाहुण्या पुढाऱ्याच्या हाती न देता पहाटे वस्ती झाडणाऱ्या आपल्या एखाद्या भगिनीच्या हाती द्यावी, अशी आमची विहार समितीला विनंती आहे. चक्र सगळ्या बाजूंनी सारखं दिसतं, तसा मानही सगळ्यांना सारखा मिळाला पाहिजे.

जय भीम! जय भारत!