शुगर आहे, पण डोळ्याचा पडदा तपासलाय का?

ताथवडे (पिंपरी-चिंचवड) : ताथवडे, पुनावळे, वाकड या पट्ट्यात हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत आणि आसपासच्या कारखान्यांत पाळीने काम करणारे, गाडी चालवणारे, दुकान सांभाळणारे अनेक जण राहतात. शुगरची गोळी चालू असते, कामही चालू असतं. डोळ्यांबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं : "मला तर सगळं साफ दिसतंय." फसगत नेमकी इथेच होते.

आजार काय आहे?

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा, म्हणजे रेटिना असतो. रक्तातली साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर होऊन पाझरू लागतात. मध्यभागी सूज आली की वाचणं, चेहरा ओळखणं अवघड जातं. पुढे काही वाहिन्या बंद पडतात आणि नव्या, नाजूक वाहिन्या उगवतात. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त उतरतं, पडदा सुटूही शकतो. यालाच डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात. सुरुवातीला डोळा दुखत नाही, लाल होत नाही, नजरही कमी होत नाही.

आकडे काय सांगतात?

आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. 2022 च्या 'स्मार्ट इंडिया' अभ्यासात चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी 12.5 टक्के, म्हणजे आठातल्या एकाला, हा आजार आढळला. आणि 2015-19 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मधुमेह असल्याचं माहीत असलेल्या सुमारे 90 टक्के लोकांनी यासाठी डोळे कधीच तपासले नव्हते.

चष्म्याचा नंबर पुरेसा नाही

तक्त्यावरची अक्षरं वाचता आली म्हणजे पडदा ठीक आहे, असं नाही. त्यासाठी डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि आतला पडदा पाहतात, किंवा खास कॅमेऱ्याने फोटो काढतात. थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं. म्हणून स्वतः गाडी चालवत जाऊ नका, सोबत कुणाला तरी न्या.

तपासणी कधी करावी?

• टाइप 2 मधुमेह : निदान होताच, मग साधारण दरवर्षी.
• टाइप 1 : निदानानंतर पाच वर्षांच्या आत, मग दरवर्षी.
• मधुमेह असताना दिवस गेले तर : पहिल्या तीन महिन्यांत.
• डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके, जाळं किंवा पडदा आल्यासारखं वाटलं तर : त्याच दिवशी.

उपचार आहेत

शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवणं हा पाया. आजार वाढला तर लेसर, डोळ्यातली इंजेक्शनं किंवा शस्त्रक्रिया करतात. उरलेली नजर वाचवणं हा मुख्य हेतू असतो. गेलेली नजर पूर्ण परत येईलच असं नाही. म्हणून उशीर महागात पडतो.

रमजानपूर्वी

रोजे ठेवणाऱ्या मधुमेहींनी रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावं. रोजा झेपेल का, गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा कशा बदलायच्या, हे तेव्हाच ठरतं. पडद्याची तपासणीही त्याच वेळी उरकून घ्या.

कुठे जायचं?

पिंपरीचं महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे वायसीएम, आणि औंधचं जिल्हा रुग्णालय ही जवळची सरकारी ठिकाणं. नेत्रविभागात गेल्यावर स्पष्ट सांगा : "मला शुगर आहे, डोळ्याचा पडदा तपासायचा आहे." घरात अम्मी-अब्बांना शुगर असेल, तर त्यांनाही सोबत घेऊन जा.