वृत्तपत्राविना वार्ताहर

रेवदंड्याच्या स्मारकस्तंभापाशी आम्हांस अफनासी निकितीन आठवतो. रशियातील त्वेरचा हा ख्रिस्ती व्यापारी वास्को द गामाच्या सुमारे तीस वर्षे आधी, १४६९च्या सुमारास चौल बंदरी उतरला. त्याला कोणी धाडले नव्हते; तरी लोकांचा पेहराव, अन्न, बाजार, बहामनी राज्याचे वैभव त्याने टिपून ठेवले. जुन्नरला असदखानाने त्याचा घोडा हिरावला; धर्म बदलल्यास घोडा व हजार मोहरा देऊ केल्या. तो बधला नाही. त्याला सोडविले एका खुरासानी मुसलमानाने! धर्मग्रंथ वाटेत लुटले गेल्याने ईस्टर केव्हा, हेही त्याला उमगेना. ती व्यथाही त्याने प्रांजळपणे लिहिली. परततांना स्मोलेन्स्कजवळ त्याचे देहावसान झाले. वही मात्र १४७५च्या सुमारास मॉस्कोस पोहोचली. घरोघरी दिनदर्शिका असलेल्या आम्हांस त्याची ती तळमळ अंतर्मुख करते.