चांद्याकडची वलणी

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे ताम्रपट, शिलालेख, सनदा आणि बखरी यांकडे अभ्यासकाचे लक्ष जाते. चांद्याच्या गोंड राजांचा परकोट, जटपुरा व पठाणपुरा या वेशी, अचलेश्वराचे व महाकालीचे देऊळ यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या परकोटाच्या आत-बाहेर घरोघर रोज भरणाऱ्या वलणीचा इतिहास सांगण्याच्या भरीस मात्र सहसा कोणी पडत नाही. वलणी म्हणजे धुतलेली वस्त्रे वाळत घालण्याची काठी अथवा दोरी. वस्तू क्षुल्लक खरी. परंतु तिच्यावर कोणते वस्त्र कोठे पडते आणि कोणते मुळीच पडत नाही, हे नीट पाहिले तर या वनप्रदेशाच्या संसाराचा बराचसा वृत्तांत तिच्याकडून कळतो.

जुन्या चांदा जिल्ह्याचे नाव १९६४ साली चंद्रपूर झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याच्या पूर्वभागाचा गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा बनला. वर्धा, वैनगंगा, प्राणहिता व इंद्रावती या नद्यांच्या या मुलखात ऋतू मध्यम स्वभावाचे नाहीत. मे महिन्यात चंद्रपुरास पारा ४५ अंशांपलीकडे जातो; पावसाळ्यात वर्षाकाठी सुमारे १२०० ते १५०० मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाटच बंद होते. थंडीत पहाटे अंगण दंवाने ओले असते. अशा प्रदेशात वस्त्रे वाळविण्याचा एकच नियम बाराही महिने चालणे शक्य नव्हते.

वस्त्र उन्हाने वाळते अशी सामान्य समजूत आहे. ती अर्धीच खरी होय. कापडातील पाण्याची वाफ व्हावयास उष्णता हवी, पण ती वाफ सामावून घेण्याइतकी भोवतालची हवा कोरडीही हवी, आणि वाफाळलेली हवा दूर नेऊन नवी आणणारा वाराही हवा. म्हणूनच वैशाखात सावलीत टाकलेले धोतर घटकाभरात कडकडीत होते, आणि श्रावणात मधूनच ऊन पडले तरी त्याच धोतराचा काठ संध्याकाळपर्यंत दमटच राहतो.

प्राचीन काळी वस्त्रेच थोडी होती. एक अंगावर आणि एक वलणीवर, अशी पुष्कळ घरांची स्थिती असे. धुणे नदीवर किंवा तळ्यावर होई. राख, खार व रिठे ही मळ काढण्याची साधने. वरठी घाटावरच वाळूवर व खडकांवर कापड पसरून वाळवी. घरची वलणी बांबूची. हे लाकूड येथे मुबलक. ते गंजत नाही आणि कापडावर डाग पाडीत नाही. पुढे आलेल्या लोखंडी तारेने हे दोन्ही दोष घरात आणले. इंग्रजी अमदानीत जंगल सरकारजमा झाले, तरी घरगुती गरजेपुरता बांबू व लाकूड घेण्याची वहिवाट राहिली. तिला मध्यप्रांतात ‘निस्तार’ म्हणत. घरची वलणीही, अशा रीतीने, अखेर जंगलावरील हक्काशीच बांधलेली होती. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळविला, तेव्हा बांबूचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला तो याच परंपरेतून.

ऋतुमानाप्रमाणे गृहिणीचे शास्त्र बदलत असे. उन्हाळ्यात भीती न वाळण्याची नसून विटण्याची. रंगीत लुगडे उलटे करून सावलीच्या बाजूस टाकावयाचे, पांढरे कापड मात्र भर उन्हात. आरमोरीकडचे टसर रेशीम कधीही कडक उन्हात घालू नये, त्याचा धागा ठिसूळ होतो, हे विणकरांच्या घरांत लहानांसही ठाऊक असे. आषाढात झड लागली म्हणजे वलणी ओसरीत आणि तेथून चुलीवरच्या आढ्याखाली जाई. वस्त्रे वाळत खरी, पण धुराचा वास घेऊनच. तान्ह्या बाळाची दुपटी व लंगोट यांसाठी शेगडीतील निखाऱ्यांवर बांबूचे डालगे पालथे घालीत व त्यावर ते पसरीत. बाळाला ओलावा लागू नये ही त्यामागील दक्षता. पावसाळा सरला की वाकळा व गोधड्या धुण्याची एकच घाई उडे. थंडीत मात्र सूर्य कलण्यापूर्वी वलणी रिकामी करणे अगत्याचे, नाहीतर दिवसभर वाळलेले कापड दंवाने पुन्हा ओले होई.

परंतु वलणीवर सर्व वस्त्रांस सारखी जागा नव्हती. सोवळ्याची वस्त्रे आढ्याजवळच्या उंच दांडीवर, कोणाचा हात लागणार नाही अशी, काठीने टाकली जात. याच्या अगदी उलट गत स्त्रियांच्या मासिक धर्माच्या वस्त्रांची. त्यांना वलणी वर्ज्य होती. ती इतर कपड्यांच्या खाली, गोठ्याच्या कोपऱ्यात, पुरुषांच्या दृष्टीआड अंधारात वाळविली जात. पावसाळ्यात तर ती पुरती वाळतच नसत. ज्या वस्त्राला उन्हाची सर्वांत अधिक गरज, त्यालाच ऊन नाही, असा हा उफराटा न्याय. उन्हात जंतू मरतात आणि दमट कापडात वाढतात, ही गोष्ट आता विज्ञानाने निर्विवाद ठरविली आहे. १९८९ साली डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. या रोगांची कारणे अनेक होती. सगळा दोष कापडाच्या वाळवणीवर टाकणे योग्य होणार नाही. पण स्त्रियांचे किती दुःख घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात दडून राहिले होते, ते त्या आकड्याने जगापुढे आणले.

दुसरे स्थित्यंतर कापडाने व कोळशाने घडविले. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरास सुरू झाली. गिरणीचे स्वस्त कापड खेड्यापाड्यांत पोहोचू लागले, वस्त्रे वाढली आणि वलणीही लांबली. त्याच सुमारास वरोऱ्यास सरकारी कोळशाची खाण चालू होती. १८७१ ते १९०६ एवढे तिचे आयुष्य. तिच्यानंतर बल्लारपूर, घुग्घुस, दुर्गापूर या बाजूंस कोळसा निघत राहिला. १९८३ पासून चंद्रपुराजवळ औष्णिक वीजकेंद्राचे संच सुरू झाले. दिवे लागले, कारखाने चालले, हे उपकार नाकारता येत नाहीत. पण त्याबरोबर राखही आली. सकाळी शुभ्र घातलेली चादर दुपारी काढावी तर तिच्यावर काळसर कणांचा थर, हा चंद्रपूरच्या अनेक वस्त्यांतील नित्याचा अनुभव झाला. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची क्रमवारी लाविली, तीत चंद्रपूर ८३.८८ गुण मिळवून चौथे आले. गृहिणींच्या वलणीने ही गोष्ट मंडळाच्या कितीतरी आधी नोंदविली होती.

इंग्लंडातही असेच घडले. गिरण्यांच्या गावांत धुतलेले कपडे काजळीने पुन्हा काळे होत, आणि बायका ते मुकाट्याने पुन्हा धूत. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर धुराचे दाट धुके पसरून हजारो माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा कोठे १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. कपडे काळवंडत होते तोवर ती घरातली कुरकुर समजली गेली. फुप्फुसे काळवंडली तेव्हा तो राष्ट्राचा प्रश्न ठरला.

अलीकडे शहरांत अंगणे गेली, सज्जे आले, आणि धनिक घरांत वस्त्रे वाळविणारी यंत्रेही आली. एक किलो पाण्याची वाफ करावयास सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता लागते. चंद्रपुरात ही वीज मुख्यतः कोळशाचीच. म्हणजे कोळशाच्या राखेपासून वस्त्रे वाचविण्यासाठी ती घरात न्यावयाची, आणि तेथे ती वाळविण्यासाठी आणखी कोळसा जाळावयाचा! उन्हाने जे काम युगानुयुगे विनामूल्य केले, त्याचे हे मोल आहे.

या इतिहासाचा बोध दुहेरी आहे. अंधारात दडविलेल्या वस्त्रास उन्हात आणणे हे घराच्या हातचे काम आहे. त्यासाठी कायदा नको, थोडे धैर्य पुरे. वलणीवर पडणारी राख थांबविणे मात्र घराच्या हातचे नाही. ते कारखान्यांचे, नगरपालिकेचे व सरकारचे कर्तव्य होय. घराने आपला वाटा उचलला, तर बाहेरच्यांकडून त्यांचा वाटा मागण्याचा अधिकार त्यास अधिकच पोहोचतो.